बावीस माणसं, सहा तंबू आणि एक रात्र

डिसेंबर लागला की आमच्या भिशीत हटकून सहलीचा विषय निघतो. यंदा हॉटेल नको, तंबूत राहायचं, असं मुलांनी आधीच ठरवून टाकलेलं आणि त्यांच्या बाबांनी मान डोलावलेली. मान डोलावणं सोपं असतं. पुढचा प्रश्न आपल्याकडे येतो : "मग काय काय घ्यायचं गं बरोबर?"

मैत्रिणींनो, तंबूतला मुक्काम ही मोठी गंमत आहे, यात शंका नाही. पण घर सोडून एका रात्रीसाठी दुसरं घर उघड्यावर मांडायचं, तेही बावीस माणसांचं, म्हणजे नियोजन आलंच. आमच्या सहा घरांतली चौदा मोठी आणि आठ मुलं भंडारदऱ्याला जाऊन आली, तेव्हाची वही समोर ठेवूनच हे लिहिते आहे. शनिवारी दुपारी पोचायचं आणि रविवारी जेवून निघायचं, एवढाच बेत. जागा बदलली तरी हिशेब फारसा बदलत नाही.

भंडारदरा अशासाठी की मुंबई, पुणे, नाशिक तिन्हीकडून एका दिवसात आरामात पोचता येतं. घोटीवरून आलात तर वाटेत बारी गाव लागतं. कळसूबाईची वाट तिथूनच वर जाते. १६४६ मीटर उंचीचं हे शिखर आपल्या राज्यातलं सर्वांत उंच. मुलांना गाडीतूनच दाखवा. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. त्याच्यामागे पसरलेल्या जलाशयाच्या काठाला गावकरी तंबू लावून देतात. पलीकडे रतनवाडीला अमृतेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे, ते मात्र चुकवू नका.

तारीख ठरवताना आधी पंचांग पाहा. मुहूर्तासाठी नव्हे, चंद्रासाठी! पौर्णिमेच्या आसपास गेलात तर रात्री उजेड मिळतो, म्हाताऱ्या माणसांना बरं पडतं. अमावास्येजवळ गेलात तर तारे इतके दिसतात की शहरातली मुलं गप्प होतात. डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या सुमारास मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो. तेव्हा अंधारी रात्र आली तर सोन्याहून पिवळं. काजवे पाहायचे असतील तर मेअखेर ते पहिला पाऊस, हा वेगळा हंगाम. त्या दिवसांत गर्दी फार, आणि झाडांखाली दिवे पाजळून काजव्यांना हैराण करणारी मंडळीही फार.

आता तंबूवाल्याशी बोलणं. हे काम पुरुषांकडे सोपवू नका, निदान फोनच्या वेळी शेजारी बसा. ते भाडं विचारतील, शेकोटी विचारतील आणि फोन ठेवतील. आपल्याला विचारायचंय संडासाचं. किती आहेत? दाराला आतून कडी आहे का? रात्री दिवा असतो का? पाणी नळाला आहे की बादलीनं न्यायचं? तंबूपासून किती पावलं? एका ठिकाणी "मॅडम, सगळी सोय आहे" एवढंच तीनदा ऐकायला मिळालं, तेव्हा आम्ही सरळ दुसरी जागा पाहिली. संकोचाचा हा विषय नाही. सोय नसली की बायका काय करतात ते आपल्याला ठाऊक आहे. पाणीच पीत नाहीत. दुपारपासून घसा कोरडा ठेवायचा, रात्रभर दाबून धरायचं, आणि घरी आल्यावर दोन दिवस डोकेदुखी नाहीतर लघवीची जळजळ. सहलीचा आनंद असा अंगावर निघायला नको. रात्री जायचं तर दोघींनी मिळून जायचं, हाक मारायला लाजायचं नाही, हे निघण्याआधीच मुलींनाही सांगून ठेवा. पाळीची तारीख जवळ असो वा नसो, पॅडचं एक पाकीट, जुनी वर्तमानपत्रं आणि घट्ट झाकणाचा एक डबा सगळ्यांसाठी म्हणून सामानात असू द्या. वापरलेलं कागदात गुंडाळून त्या डब्यात, आणि डबा परत घरी. उघड्यावर टाकलेलं कुत्री ओढत आणतात.

आमच्यातल्या एकीच्या सासूबाई सत्तरीच्या. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी यायचं नाही असं जवळजवळ ठरलंच होतं. पण संडासासाठी मध्ये भोक असलेली प्लॅस्टिकची खुर्ची मिळते ना, ती गाडीच्या टपावर बांधली आणि एक साधी खुर्ची बसायला घेतली. वजन काही नाही, आणि आजी आल्या. वयस्क माणसांना मागे ठेवायचा निर्णय पुष्कळदा अशा एका खुर्चीवर अडलेला असतो. त्यांचा तंबू मात्र संडासाच्या बाजूचा आणि सपाट जागेवरचा हवा.

कामाची वाटणी हा दुसरा नाजूक मामला. घरी ओट्यापाशी उभं राहायचं आणि तिथे चुलीपाशी बसायचं, एवढाच फरक पडणार असेल तर आपण जायचं कशाला? निघण्याच्या आठ दिवस आधी सगळ्या घरांची एक बैठक घ्या, आणि यजमानमंडळी हजर असतानाच घ्या. वहीत नावानिशी लिहा : पाणी कोण भरणार, चहा कोण करणार, भांडी कोण घासणार, कचरा कोण गोळा करणार. आमच्याकडे भांडी पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी घासली. पहिल्या पातेल्याला खरकटं राहिलं होतं. एक वहिनी उठायला लागल्या, त्यांना आम्ही हाताला धरून खाली बसवलं. दुसरं पातेलं स्वच्छ निघालं. त्याच बैठकीत 'बाटल्यां'चंही उघड बोलून घ्या. नंतर तोंडं वाकडी करण्यात अर्थ नाही. ज्याला गाडी चालवायची आहे आणि ज्याच्यावर मुलांची पाळी आहे त्यानं थेंबही घ्यायचा नाही, हा नियम आधी मान्य झाला तर तिथे वाद होत नाही.

पैशांचं म्हणाल तर सगळे आधी गोळा करावेत, मुलांचे निम्मे धरावेत, आणि वही एकीच्याच हातात असावी. दहा-वीस-पन्नासच्या सुट्या नोटा न विसरता घ्या. डोंगरात मोबाईलची रेंज सगळीकडे सारखी मिळत नाही, आणि भाकरीचे पैसे देताना फोन हलवत उभं राहणं काही बरं दिसत नाही.

जेवणाचा बेत साधा ठेवा. शनिवारी दुपारचं जेवण प्रत्येकीनं घरून आणायचं : दशम्या, तिखटामिठाच्या पुऱ्या, तिळाची चटणी, लोणचं. दुधात भिजवलेल्या दशम्या मऊ राहतात. ओल्या खोबऱ्याची चटणी आणि पालेभाजी प्रवासात नको, ती आंबते. रात्री पिठलं-भाकरी आणि ठेचा गावातल्याच एखाद्या घरी सांगावा. काही जणींना हे पटत नाही, "आपणच केलं तर स्वस्त पडेल" म्हणतात. पडेल. पण बावीस जणांच्या भाकऱ्या वाऱ्यात, मिणमिणत्या उजेडात थापायच्या म्हणजे काय ते थापणारीलाच कळतं. शिवाय चार पैसे तिथल्या बाईच्या हातात पडतात ते वेगळंच. सकाळी उपमा, रविवारी दुपारी खिचडी.

मापं सांगते. आठ मुलांची चार मोठी माणसं धरली की आमची अठरा पानं होतात. खिचडीला दीड किलो तांदूळ आणि पाऊण किलो मुगाची डाळ. उपम्याला सव्वा किलो रवा, घरूनच मोहरी, हिंग, उडीदडाळ, सुकी मिरची घालून फोडणीत भाजून, गार करून डब्यात भरलेला. तिथे फक्त मीठ आणि उकळतं पाणी. पाच वेळा चहा धरून किलोभर साखर, पाव किलो चहा आणि अर्धा किलो दुधाची पावडर. मुलांच्या दुधाची पावडर निराळी. किसलेलं आलं थोड्या साखरेत घोळून बाटलीत नेलंत तर तिथे किसणी शोधावी लागत नाही. संध्याकाळी चहाबरोबर भडंग. मीठ-हळद-तिखट छोट्या बाटल्यांत, तेल घट्ट बुचाच्या बाटलीत, आणि तीही प्लॅस्टिकच्या पिशवीत उभी.

भरताना मात्र सगळे तांदूळ एकीकडे, सगळ्या डाळी दुसरीकडे असं दुकानासारखं भरू नये. एका जेवणाची एक कापडी पिशवी करावी. 'रविवार दुपार, खिचडी' अशी चिठ्ठी लावून त्यात तांदूळ, डाळ, मसाला, मोजून मीठ, तूप आणि पापडसुद्धा. मग खिचडी कोणीही टाकू शकतं, "वहिनी, गोडा मसाला कुठंय?" असं कोणी विचारत येत नाही. शेवटी लागणारी पिशवी तळाशी आणि चहाचं सामान, काडेपेटी, बॅटऱ्या सगळ्यांत वर. काडेपेट्या दोन घ्या आणि दोन वेगळ्या डब्यांत ठेवा. ताट, वाटी, पेला ज्याचा त्यानं आणायचा, त्यावर नाव घालून. कागदी प्लेटा नकोत. वाऱ्यानं उडून पाण्यात जातात.

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला तीन लिटर धरावं, स्वयंपाकाचं वेगळं. आमचे वीस लिटरचे पाच जार लागले. आंघोळीला, भांड्यांना तिथलं पाणी. जारमधलं संपलंच, तर तिथलं पाणी गाळून, खळखळून उकळून प्यावं. तुरटी फिरवल्यानं गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. तेव्हा दिसायला स्वच्छ पाण्यावर भरवसा नको. कुणाला जुलाब सुरू झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, थोडं थोडं सारखं पाजत राहायचं. जलसंजीवनीची पाकिटं नेलीत तर उत्तमच.

थंडीचं आपल्याला नीट उमगलेलं नसतं. सगळे अंगावर काय घ्यायचं ते पाहतात. पण तंबूत थंडी येते ती खालून. जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढून घेते. दोन गोधड्या असतील तर एक अंगाखालीच हवी. सगळ्यांत खाली मेणकापड, त्यावर वर्तमानपत्रांचा जाड थर, मग सतरंजी, मग गोधडी. झोपण्याआधी दिवसभराचे घामट कपडे बदलून कोरडे घालावेत, पायमोजे आणि कानटोपी घालूनच पडावं. हौसेनं नवा, जाड, भरजरी स्वेटर नेऊ नका, शेकोटीची ठिणगी उडतेच. 'चार माणसांचा तंबू' असं सांगतात, त्यात तिघं आणि त्यांच्या पिशव्या सुखानं झोपतात. चौघं झोपली तर कूस बदलायची तर सगळ्यांनी मिळून बदलायची!

आणि एक गोष्ट जरा ठासून सांगते. थंडी कितीही वाजो, शेगडी, निखाऱ्यांची घमेली, गॅसचा चुला, काहीही पेटतं किंवा धुमसतं तंबूच्या आत न्यायचं नाही. बंद गाडीतही नाही. "फक्त मुलांना जरा ऊब यावी म्हणून" हे कारण आईच्याच तोंडून निघतं, म्हणून आईलाच सांगायला हवं. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्यानं खोकलाही येत नाही. झोपलेलं माणूस झोपेतच जातं. जानेवारी २०२० मध्ये नेपाळात दामन इथे सहलीला गेलेली केरळची आठ माणसं, त्यांत चार मुलं, गॅसचा हीटर लावलेल्या बंद खोलीत अशीच गेली. ती तर हॉटेलची खोली होती. रबरी पिशवीत कढत पाणी भरून पांघरुणात ठेवा, ती पहाटेपर्यंत पुरते. नाहीतर दोन मुलांना मध्ये घेऊन झोपा.

पाण्याचंही तसंच. धरणाचं पाणी काठाला संथ, उथळ दिसतं. दोन पावलांवर चिखल किंवा एकदम उतार लागतो, आणि पोहता येणाऱ्यालाही तिथे पाय सोडवता येत नाही. पाण्यात कोणीही उतरायचं नाही, 'फक्त पाय भिजवायला'सुद्धा नाही, आणि हा नियम आधी मोठ्यांना लागू. कारण बाबा उतरले की मुलं ऐकत नाहीत. होडीत बसायचं तर प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जॅकेट हवं, मुलांच्या मापाचं. नसेल तर होडी नको. मुलं आहेत तिथे एक मोठं माणूस फक्त त्यांच्याकडे लक्ष ठेवायला, अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळीनं. "सगळे होतो की तिथे" असं म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा कोणीच बघत नसतं. पाळीवर असलेल्यानं गळ्यात शिट्टी अडकवायची; ती शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात घातल्याशिवाय जागा सोडायची नाही. आमच्या मुलांना त्या शिट्टीचंच फार आकर्षण होतं, म्हणून त्यांच्यासाठी दुसऱ्या आणाव्या लागल्या आणि रविवारी सकाळी सहा वाजता सगळा काठ जागा झाला.

तंबू उन्हं असतानाच लावून घ्यावेत, पाचच्या आत. खोलगट जागा नको, वाळक्या फांद्यांखाली नको, अगदी पाण्याच्या काठाशीही नको. दाराची चेन चोवीस तास बंद, आत-बाहेर करताना तेवढी उघडायची. चपला-बूट सकाळी झटकूनच पायांत घालायचे. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावली तर पुष्कळदा दुखतही नाही, म्हणून ही खबरदारी. सापाचा दंश झाला असं वाटलं तरी कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळून बांधायची नाही. तो हात किंवा पाय फळी बांधून स्थिर ठेवायचा, माणसाला चालू द्यायचं नाही, आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात ताबडतोब न्यायचं. तसा दवाखाना जवळ कुठे आहे, राजूरला, अकोल्याला की घोटीला, हे तंबूवाल्याला निघण्याआधीच विचारून वहीत लिहा. १०८ नंबरची रुग्णवाहिका आहेच, पण रात्री एक गाडी काठाकडे तोंड न करता रस्त्याकडे तोंड करून उभी असावी आणि तिची किल्ली कुठे आहे ते दोघांना ठाऊक असावं.

तांबड्या विंचवाचा दंश झालेलं मूल घामानं भिजलं, ओकायला लागलं, हातपाय गार पडले, तर उतारे-मंत्र करत बसू नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडतं हे दाखवून दिलं, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. औषध डॉक्टरच देतील. आपलं काम वेळेवर पोचवण्याचं. रोजच्या गोळ्या ज्याच्या त्यानं दोन दिवस जादा घ्याव्यात. इन्सुलिन घेणारं कुणी असेल तर ते थंड पिशवीत, पण बर्फाला चिकटवून नको. गोठलं तर फुकट जातं.

परतताना कचरा मोजून घरी. आम्ही दोन गोणपाटं नेली होती. एकात ओला, एकात कोरडा. कांद्याची सालंसुद्धा पाण्यात भिरकावली नाहीत. शेकोटी केलीच तर तंबूवाल्यानं दाखवलेल्या जागी, विकत घेतलेल्या लाकडाची. हा सारा मुलूख अभयारण्याचा आहे, तिथली फांदीही तोडायची नाही. निघताना पाणी ओतून, राख हातानं चाचपून गार झाली की मगच गाडीत बसायचं.

घरी आल्यावर सगळ्यांना झोप येते आणि सामान तसंच पडतं. निदान सतरंज्या, मेणकापडं त्याच संध्याकाळी गच्चीवर टाका. दंवानं ओली झालेली तशीच गुंडाळली तर आठवड्यात बुरशी धरते. तंबू स्वतःचे असतील तर तेही उलटे करून वाळवा आणि खुंट्या मोजून घ्या. आमचे तंबू भाड्याचे होते. उरलेल्या पैशांची वाटणी पुढच्या भिशीत झाली, माणशी अठ्ठावीस रुपये परत आले. आजींनी आपले घेतले नाहीत. पुढच्या वेळच्या भाकऱ्यांसाठी वहीत जमा ठेवा म्हणाल्या.